सार्वजनिक दिवे : उजेडाइतकीच मजबुतीही हवी



नागपूरचे संत्रे सर्वांच्या परिचयाचे आहे. शंभर ग्रॅम वजनाचे एक संत्रे एक मीटर उंचीवरून खाली पडले, तर त्या पडण्यात सुमारे एक ज्यूल इतकी ऊर्जा असते. हे माप लहान आहे. परंतु गावातील चौकात, शाळेच्या फाटकाशी किंवा रेल्वेपुलाखालील रस्त्यात लावलेला दिवा किती दिवस टिकेल, हे पुष्कळदा याच मापाने ठरते. कोणता दिवा किती ज्यूलचा आघात सोसू शकतो याची एक आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरलेली आहे. दिवे खरेदी करणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या आणि त्या उजेडात वावरणाऱ्या सर्वांना तिची ओळख असणे हिताचे आहे.

एखाद्या गल्लीतील दिवा फुटला की पहिल्या दिवशी तक्रार होते, दुसऱ्या दिवशी नोंद होते आणि पुढे अंधाराची सवय होते. शिकवणीहून परतणारी मुलगी दुसऱ्या रस्त्याने येऊ लागते. वृद्ध माणसे सायंकाळी बाहेर पडेनाशी होतात. फुटलेल्या आवरणातून पावसाचे पाणी आत शिरते आणि धातूच्या खांबात वीजप्रवाह उतरण्याचा धोका निर्माण होतो. दिव्याची मजबुती हा म्हणूनच केवळ विद्युत अभियंत्याचा विषय राहत नाही. तो सुरक्षिततेचा आणि सार्वजनिक पैशाचाही विषय आहे.

जुना दिवा आणि नवा दिवा

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. तेव्हापासून आजवर महाराष्ट्रातील रस्त्यांनी रॉकेलचे कंदील, पत्र्याच्या टोपीखालील साधे बल्ब, नळीदिवे, पाऱ्याच्या आणि सोडियमच्या बाष्पाचे दिवे असे अनेक प्रकार पाहिले. या सर्वांत एक सोय होती. बल्ब फुटला तर बल्ब बदलावयाचा, नळी गेली तर नळी बदलावयाची. नुकसान थोडक्यात भागत असे.

एलईडी दिव्यांनी हे गणित बदलले. केंद्र शासनाने ५ जानेवारी २०१५ रोजी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यानंतर देशात एक कोटीहून अधिक एलईडी पथदिवे बसविले गेले. विजेची मोठी बचत झाली, हे निर्विवाद आहे. तथापि एलईडी दिव्यात प्रकाश देणारी पट्टी, भिंगे, विद्युतप्रवाह नियंत्रित करणारा ड्रायव्हर आणि उष्णता बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे घर, हे सारे बहुधा एकाच फिटिंगमध्ये सामावलेले असते. दर्शनी काच फुटली आणि पाणी आत गेले, तर अनेकदा संपूर्ण फिटिंगच बदलावी लागते. जो दिवा दहा वर्षे वीज वाचविणार म्हणून घेतला, तो दुसऱ्याच वर्षी एका दगडाने निकामी झाला, तर बचतीचा सारा हिशेब कोलमडतो.

आयके श्रेणी म्हणजे काय?

दिव्यांच्या निविदांमध्ये वॅट, ल्युमेन आणि आयपी हे शब्द आता सर्वत्र दिसतात. आयपी ही धूळ आणि पाणी यांपासून मिळणाऱ्या संरक्षणाची श्रेणी होय. आघातापासून मिळणाऱ्या संरक्षणाची श्रेणी निराळी असून तिला आयके म्हणतात. पूर्वी काही युरोपीय देशांत आयपीच्या दोन अंकांपुढे तिसरा अंक लिहून आघातसहनशक्ती दाखविण्याची पद्धत होती. त्यातून गोंधळ होई. १९९५ मध्ये युरोपात यासाठी स्वतंत्र मानक झाले आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने ते ६२२६२ या क्रमांकाने स्वीकारले. हे मानक केवळ दिव्यांपुरते नाही. विद्युत उपकरणांच्या सर्व आवरणांना ते लागू पडते. खांबाच्या पायथ्याशी असलेली कटआउटची पेटी आणि रस्त्याकडेचा फीडर पिलर हेही त्यात येतात.

श्रेणी शून्यापासून सुरू होते. आयके ०० म्हणजे संरक्षणाची कोणतीही हमी नाही. पुढील पायऱ्या आरंभी लहान आहेत आणि शेवटी मोठ्या होत जातात. आयके ०६ म्हणजे १ ज्यूल, आयके ०७ म्हणजे २ ज्यूल, आयके ०८ म्हणजे ५ ज्यूल, आयके ०९ म्हणजे १० ज्यूल आणि आयके १० म्हणजे २० ज्यूल. २०२१ च्या दुरुस्तीने ५० ज्यूलची आयके ११ ही पायरीही जोडण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयके ०८ आणि आयके १० या दोन क्रमांकांत अंतर दोनच अंकांचे दिसते. प्रत्यक्षात आघात चौपट असतो.

चाचणीची रीत समजण्यास सोपी आहे. आयके ०८ साठी १.७ किलोग्रॅमचा हातोडा ३० सेंटिमीटर उंचीवरून आवरणावर सोडतात. आयके १० साठी ५ किलोग्रॅमचा हातोडा ४० सेंटिमीटरवरून सोडतात. ४० सेंटिमीटर म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या एका हातापेक्षाही थोडे कमी. किराणा दुकानातील पाच किलोचे लोखंडी वजन एवढ्या उंचीवरून काचेवर पडले तर काय होईल, याची कल्पना कोणालाही करता येईल. प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सर्वसाधारणपणे पाच आघात केले जातात. ते एकाच जागी न करता पृष्ठभागावर विभागून करावयाचे असतात. एक ज्यूलपर्यंतच्या आघातासाठी हातोड्याचे तोंड कठीण प्लॅस्टिकचे असते. दोन ज्यूल आणि त्यापुढे ते पोलादाचे असते. आरंभीच्या संत्र्याची उपमा येथे अपुरी पडते. संत्रे स्वतः दबते आणि आघात मऊ करते. पोलाद आणि दगड तसे करीत नाहीत.

विदर्भातील आघात कोणते?

श्रेणीचे आकडे पाठ करून निवड साधत नाही. आपल्या भागात दिव्यावर नेमके काय येऊन आदळते, हे प्रथम पाहिले पाहिजे. विदर्भापुरते बोलावयाचे तर गारपीट, दगड, चेंडू आणि वानर ही चार कारणे ठळक आहेत.

गारपिटीचा अनुभव या प्रदेशाला नवा नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने राज्याच्या फार मोठ्या भागात हाहाकार उडविला. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा यांना पुन्हा तोच फटका बसला. शेतकरी गारांचे माप बोराएवढी, आवळ्याएवढी, लिंबाएवढी असे सांगतो. या मापांनाही आकड्यांत बसविता येते. सौर पटलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बर्फाच्या गोळ्यांचा मारा करतात. त्यातील २५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मोठ्या बोराएवढा गोळा सुमारे साडेसात ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला २३ मीटर वेगाने आदळतो, तेव्हा त्याचा आघात सुमारे २ ज्यूल असतो. ३५ मिलिमीटरच्या गोळ्याचा आघात पावणेआठ ज्यूलच्या घरात जातो. ४५ मिलिमीटरचा, म्हणजे भरदार लिंबाएवढा गोळा २० ज्यूलच्याही थोडा पुढे जातो. गारेचा व्यास दुपटीहून कमी वाढला, तरी आघात दहापट झाला. एकाच गारपिटीत शेजारशेजारच्या गावांत नुकसानीचा एवढा फरक का दिसतो, याचे एक उत्तर या हिशेबात आहे. ग्रामीण भागात सौर पथदिवे लावताना दिव्याच्या काचेबरोबर वरच्या पटलाचे गारपीट-चाचणीचे प्रमाणपत्रही मागितले पाहिजे. कारण गार प्रथम पटलावरच पडते.

दगडाचा हिशेब निराळा आहे. शंभर ग्रॅमचा दगड ताशी ५० किलोमीटर वेगाने हातातून सुटला, तर त्यात सुमारे साडेनऊ ज्यूल ऊर्जा असते. परंतु तो वर जाताना ही ऊर्जा खर्च होते. खांद्याच्या उंचीपासून सहा मीटरवरील दिव्यापर्यंत पोहोचताना त्यात सुमारे पाच ज्यूल उरतात. नऊ मीटरवरील दिव्याशी पोहोचेपर्यंत सव्वादोन ज्यूलच उरतात. उलट अडीच मीटरवर भिंतीत बसविलेल्या दिव्यावर तोच दगड साडेआठ ज्यूलने आदळतो. उंची हेच दिव्याचे पहिले चिलखत होय. बेचकीचा दगड आणि ताकदीने भिरकावलेला मोठा गोटा यांचा आघात याहून अधिक असू शकतो, हेही विसरता कामा नये.

क्रिकेटच्या चेंडूचे वजन नियमाप्रमाणे १५६ ते १६३ ग्रॅमच्या दरम्यान असते. तो ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळला तरी आघात २२ ज्यूलपर्यंत जातो. जोरकस फटक्याचा चेंडू याहून वेगवान असतो. मैदानाच्या सीमेवरील दिवा आयके १० चा असला तरी निश्चिंत राहता येत नाही. तेथे लोखंडी जाळी लावणे किंवा खांबाची जागाच बदलणे हा खरा उपाय होय.

रामटेकच्या गडावर वानरांचे कळप भाविकांच्या नित्य परिचयाचे आहेत. वानर दिव्यावर उडी घेते, लोंबकळते, आवरण ओढते. हा एका क्षणाचा आघात नसून ओढ आणि भार आहे. आयके श्रेणी त्याविषयी काही सांगत नाही. अशा ठिकाणी आवरणाच्या खिटी-बिजागरीची पकड, खांबावरील हाताची जाडी आणि उघड्या वायरीचा अभाव या गोष्टी पाहाव्या लागतात.

कोठे कोणती श्रेणी?

सर्वत्र आयके १० मागावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. तो टाळावा. अधिक मजबूत आवरण जाड, जड आणि महाग असते. जाडीमुळे काही प्रकाशही अडतो. पैसा जेथे आवश्यक आहे तेथेच खर्च व्हावा, हे पंचायतीच्या कारभाराचे सूत्र येथेही लागू आहे.

आठ-नऊ मीटर उंचीच्या खांबावरील रस्त्याच्या दिव्याला आयके ०८ सामान्यतः पुरेशी ठरते. वारंवार गारपीट होणाऱ्या गावांत एक पायरी वर जाणे शहाणपणाचे आहे. पाच-सहा मीटरवरील गल्लीच्या दिव्यांना आयके ०८ ही किमान मर्यादा मानून, जेथे दिवे फोडण्याचे प्रकार घडले आहेत तेथे आयके ०९ किंवा आयके १० घ्यावी. हाताच्या टप्प्यातील दिव्यांना मात्र आयके १० हवीच. बागेतील बुटके दिवे, पादचारी मार्ग, सार्वजनिक शौचालये, बसथांबे आणि नागपुरातील लोहापूल किंवा नरेंद्रनगर यांसारखे रेल्वेखालील रस्ते, या साऱ्या जागा या वर्गात मोडतात. येथे काठीचा, सायकलच्या दांड्याचा, हातगाडीवरील सामानाचा धक्का लागण्याचा संभव रोजचा असतो.

खांबाच्या पायथ्याची पेटी तर सर्वांत खाली आणि सर्वांत दुर्लक्षित असते. तिचे झाकण तुटले की आतील जोड मुलांच्या आणि गुराढोरांच्या स्पर्शात येतात. दिव्यासाठी उत्तम श्रेणी आणि पेटीसाठी पातळ पत्रा, अशी खरेदी करू नये.

ऊन हा न दिसणारा हातोडा

या श्रेणीची एक मर्यादा नागपूरकरांनी विशेष ओळखली पाहिजे. चाचणी सामान्यतः नव्या नमुन्यावर, १५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात होते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. बंद पेटीतील आणि उन्हात तापलेल्या धातूवरील उष्णता त्याहूनही अधिक असते.

आवरणांसाठी प्रामुख्याने तीन पदार्थ वापरतात. ॲक्रिलिक स्वच्छ आणि उन्हाला टिकणारे असते. पण आघाताने तडकते. पॉलिकार्बोनेट आघात उत्तम सोसते. परंतु अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर किंवा मिश्रण त्यात नसेल, तर काही उन्हाळ्यांनंतर ते पिवळे पडते आणि ठिसूळ होते. नव्या अवस्थेत आयके १० असलेले आवरण पुढे तेवढेच मजबूत राहील, असे प्रमाणपत्र सांगत नाही. टणक केलेली काच पिवळी पडत नाही आणि ओरखडेही कमी धरते. तिच्यापासून आयके ०८ सहज मिळू शकते. त्यापुढे जाण्यासाठी काच जाड करावी लागते. उंच खांबावर टणक काच आणि हाताच्या टप्प्यात अतिनील-संरक्षित पॉलिकार्बोनेट, अशी विभागणी विदर्भाच्या हवामानात बहुधा सोयीची ठरते.

जे आयके सांगत नाही

आयके श्रेणीला तिच्या जागी ठेवणेही आवश्यक आहे. वादळाचा जोर ही तिची बाब नाही. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. खांब, त्याचा पाया आणि हात यांची रचना त्यानुसार व्हावी लागते. वाहनाची धडकही या श्रेणीबाहेरची आहे.

पाण्याचा प्रश्न आयपीचा आहे. परंतु तो आघाताशी जोडलेला आहे. आयपी ६६ चा दिवा जोरदार पाण्याचा झोत सहन करतो. मात्र आवरणाला एक चीर गेली की ती श्रेणी कागदावरच राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने नागपुरात हाहाकार झाला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा प्रसंगी फुटलेली पेटी किंवा तडकलेले आवरण माणसाच्या जिवावर बेतू शकते. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत गटारे आणि नाले यांच्याबरोबर दिव्यांची आवरणे, पेट्यांची झाकणे आणि खांबांचे अर्थिंग यांचाही समावेश व्हावा, तो यासाठी.

खरेदी करताना

निविदेत “दिवा मजबूत असावा” असे लिहिल्याने काहीही साध्य होत नाही. मोजता येईल तेच मागता येते आणि नाकारताही येते. तांत्रिक तपशिलात संपूर्ण फिटिंगची आयके श्रेणी, आयपी श्रेणी आणि आवरणाचा पदार्थ यांचा स्पष्ट उल्लेख असावा. चाचणी प्रमाणपत्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे आहे काय, त्यावरील मॉडेल क्रमांक पुरविलेल्या दिव्यावरील क्रमांकाशी जुळतो काय, आणि चाचणी पूर्ण दिव्यावर झाली की केवळ काचेच्या तुकड्यावर, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून माल स्वीकारू नये. आघातानंतर दिवा उत्तीर्ण केव्हा मानावयाचा, हे त्या उपकरणाच्या मानकानुसार ठरते. काच तडकली परंतु विजेचे भाग उघडे पडले नाहीत, आणि काच अभंग राहिली, या दोन्ही निकालांवर प्रमाणपत्रात तेच अक्षर दिसू शकते. म्हणून अहवालाचे शेवटचे पान नव्हे, तर संपूर्ण अहवाल वाचावा.

दोषदायित्वाच्या कालावधीत आवरण पिवळे पडणे किंवा तडकणे हा दोष मानला जाईल, असे कलम करारात असावे. स्वीकारलेल्या मालातील एक नमुना कार्यालयात जपून ठेवावा. दोन वर्षांनी खांबावरील दिवा आणि हा नमुना शेजारी ठेवून पाहिले, की पुढच्या खरेदीसाठी दुसऱ्या सल्लागाराची गरज पडत नाही. कोणता दिवा कोठे, केव्हा आणि कशाने फुटला, याची साधी नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीला ठेवता येईल. एकाच खांबावरील दिवा तिसऱ्यांदा फुटत असेल, तर चौथा दिवा लावण्यापूर्वी ती जागा पाहून यावी.

शाळेचा वाटा

शिक्षकांच्या हाती या कामाचा मोठा भाग आहे. वस्तुमान, उंची आणि गुरुत्वाकर्षण यांच्या गुणाकाराने स्थितिज ऊर्जा मिळते, हा धडा विज्ञानाच्या वर्गात शिकविला जातोच. तागडीतील वजने, मोजपट्टी आणि ओल्या मातीचा थर एवढ्या साहित्यावर आयके श्रेणीचा प्रयोग करून दाखविता येतो. दोनशे ग्रॅमचे वजन एक मीटरवरून टाकावे, म्हणजे सुमारे दोन ज्यूल. पाचशे ग्रॅमचे त्याच उंचीवरून टाकावे, म्हणजे पाच ज्यूल. मातीतील खळग्यांची खोली मुलांना मोजू द्यावी. आपल्या हातून सुटलेल्या दगडात किती बळ असते, हे ज्या मुलाने स्वतः मोजले, तो मुलगा बेचकीचा नेम दिव्यावर धरण्यापूर्वी थोडा थांबेल, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.

हे थांबणे कोणत्याही श्रेणीत नोंदले जात नाही. आयके १० चे आवरणही निर्धाराने फोडणाऱ्यापुढे शेवटी हार खाते. जेथे दिवा “सरकारचा” असतो तेथे तो लवकर फुटतो. जेथे तो आपल्या गल्लीचा असतो तेथे त्याच्यावर दहा डोळ्यांची राखण असते. अभियंत्याने योग्य श्रेणी निवडावी, अधिकाऱ्याने ती निविदेत अचूक लिहावी, पंचायत सदस्यांनी माल पारखून घ्यावा आणि गावाने तो सांभाळावा. एवढे झाले तर पावसाळ्यातल्या रात्रीही गल्लीच्या टोकाचा दिवा जळत राहील, आणि शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला आपला नेहमीचा रस्ता सोडावा लागणार नाही.